तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टे बांधून स्प्रिंट मारणं का सोडलं

"मांडीला पट्टे बांधून स्प्रिंट मारायचात ना, मग सोडलंत का, फायदा नाही होत?" हे इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच नीट सांगतो.

बीएफआर, म्हणजे पट्ट्याने रक्तप्रवाह थोडा अडवून व्यायाम करणं, वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला तेव्हा जड वजन उचलणं बंद होतं, आणि एकदाच उचलता येईल त्या कमाल वजनाच्या २०-३० टक्क्यांवर पट्टे बांधून आधी ३० वेळा आणि मग १५-१५-१५ असे सेट मारूनच माझी मांडी टिकली, त्याबद्दल कोणाचं काही ऐकून घेणार नाही.

चुकलो पुढे. तेच मी सायकलवरच्या स्प्रिंटला लावलं. मांडीवर ऑक्सिजनचा सेन्सर होताच. पाय मोकळे असले की आकडा झपकन खाली जायचा आणि विश्रांतीत परत चढायचा, पट्टा असला की नीट चढायचाच नाही, आणि मी खूश, कारण जितका ऑक्सिजन कमी तितकं ट्रेनिंग भारी असं डोक्यात पक्कं बसलेलं.

त्या दिवशी ६ सेकंदांच्या १० स्प्रिंट होत्या, मधे २४ सेकंद. चौथीनंतर उजवं पाऊल बधिर झालं, मुंग्या वगैरे नाही, पाऊल पेडलवर आहे की नाही तेच कळेना. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण स्क्रीनवर आजवरचा सगळ्यात कमी आकडा दिसत होता, म्हणून अजून एक, अजून एक. सातवीनंतर उतरायला गेलो तर पायाने साथच दिली नाही, सरळ आडवा पडलो. पुढचे तीन दिवस पाऊल वर उचलताना जड जायचं आणि मी घरात कोणाशी धड बोललो नाही, इतका घाबरलो होतो. कफ, म्हणजे तो पट्टाच, मी हाताच्या अंदाजाने आवळला होता. धमनी पूर्ण बंद होते तो दाब मोजून त्याच्या ४० ते ८० टक्के ठेवायचा असतो, आणि कफ रुंद असेल तर कमी दाब पुरतो, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

नंतर पॉवर बघितली तर सातवीत पहिलीच्या जेमतेम निम्मी. ती स्प्रिंटच नव्हे. सेन्सर पुरवठा आणि वापर यांचा ताळमेळ दाखवतो, मी पुरवठाच अडवला होता, स्नायूने जास्त काम केलंय असा त्याचा अर्थ नव्हता.

तरी जुना मी म्हणतोच, अरे तोच तर ताण, त्यानेच स्नायू सुधारतो. पूर्ण खोटं नाहीये ते. स्प्रिंट मोकळ्या पायांनी मारून लगेच विश्रांतीत पट्टा बांधायचा, असा प्रयोग सायकलपटूंवर झालाय आणि त्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, वाढलाही. पण मला हवा होता वेग, आणि तो त्याने वाढतो का, इथे मी अडकतो. त्यामुळे कायमचं सोडलं असं माझ्या तोंडून निघणार नाही. हाताने कफ आवळून स्प्रिंट मात्र नाही, कोणी कितीही विचारलं तरी.