~ या चिन्हाच्या भरवशावर फोनवरून फॉन्ट बसवले, तो अनुभव

नागपूरच्या महाल भागात आमच्या ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, फ्लेक्स वगैरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशिनी नव्या विंडोजला चालेनात, म्हणून त्यांनी दोन्हींवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स, टाकून घेतलं. मराठी फॉन्ट तेवढे बसवायचे राहिले. मी त्रिमूर्तीनगरला, भर उन्हात महालच्या गर्दीत शिरायचं जिवावर आलं. म्हटलं, व्हॉट्सॅपवर कमांड पाठवतो, तुम्ही टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवा.

पहिली अडचण युजरच्या नावाची, कारण फोल्डरच्या पत्त्यात ते येतं. उबुंटू टाकणाऱ्या पोरानं दोन मशिनींना दोन वेगळी नावं दिलेली, आणि ती काकांना पाठ नव्हती. ‘इथे तुमचं नाव टाका’ असं लिहून पाठवलं, की माणूस आडनावासकट पूर्ण नाव टाकतो. त्यापेक्षा पत्त्याच्या सुरुवातीला ~/ लिहिलं की काम भागतं. कमांड चालायच्या आधीच शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या जागी त्या-त्या युजरच्या होम फोल्डरचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरचा, पत्ता भरतं. लिनक्समध्ये तो ‘होम’खाली असतो, मॅकवर ‘युजर्स’खाली, ओळ मात्र तीच चालते. (~ म्हणजे होम हे बहुधा १९७०च्या दशकातल्या एडीएम-३ए या कीबोर्ड-पडद्याच्या यंत्रावरून आलं, त्यावर ‘होम’ आणि ~ एकाच कळीवर होते.)

पाठवताना एक बघायचं. व्हॉट्सॅपवर मजकुराच्या दोन्ही टोकांना ~ आलं तर मधला मजकूर खोडलेला दिसतो. म्हणून कमांडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) द्यायच्या.

फॉन्ट सुरळीत बसले. सुडो (कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालवायचा शब्द) लागतच नाही, कारण फॉन्ट स्वतःच्याच होममध्ये जातात. काका सवयीनं सुडो लावायला निघाले होते. लावलं असतं तरी ~ चा अर्थ त्यांचंच होम राहिला असता, कारण तो पत्ता सुडोच्या आधीच भरला जातो. फक्त फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे ॲडमिनच्या खात्याकडे, गेली असती आणि मग त्या हलवता-पुसताना कटकट.

खरी गंमत संध्याकाळी झाली. काकांनी आपल्या मनानं ‘लग्न पत्रिका’ नावाचा फोल्डर करायला घेतला. नावात जागा आहे म्हणून अख्खा पत्ता अवतरणात टाकला, ~ सकट. अवतरणात ~ चा पत्ता होत नाही, ते नुसतं अक्षर राहतं. फोन आला, “अरे, घरातच अजून एक घर दिसून राहिलं ना! ~ नावाचा फोल्डर झाला. उडवून टाकू का?”

“काका, हात लावू नका!” मी ओरडलोच. त्या वेळी त्यांनी आरएम -आर (फोल्डर पुसायची कमांड) लिहून पुढे नुसतं ~ दिलं असतं, तर नुसता तो उपटसुंभ फोल्डर नाही, अख्खं होम गेलं असतं, सीझनच्या सगळ्या पत्रिकांसकट. टर्मिनलमधून काढायचाच तर ./~, म्हणजे ‘याच फोल्डरातलं ~’, असं लिहावं लागतं. मी ती वाटच धरली नाही. फाइल मॅनेजर उघडायला लावला, त्या फोल्डरवर उजवं क्लिक, कचऱ्यात टाका. चुकलंच तर कचऱ्यातून परत तरी काढता येतं.

आता नावात जागा असेल तर ~/ अवतरणाच्या बाहेर ठेवतो आणि पुढचं नाव तेवढं आत: ~/"लग्न पत्रिका". डेस्कटॉपवरच्या लाँचर फाइलीत (प्रोग्रॅम उघडायच्या शॉर्टकटमध्ये) मात्र पूर्ण पत्ताच लिहून देतो, कारण तिथे ~ उलगडायला शेल नसतं. तो पत्ता हवा असला की आधी एको ~ (~ चा पत्ता छापून दाखवणारी कमांड) चालवायला सांगतो आणि जे उत्तर येईल त्याचा फोटो मागवतो.