कात्रीखालून गेलेले नाव

गेली अकरा वर्षे मी औषधांच्या वेष्टनांची रचना करते. पुण्यातल्या आमच्या लहान स्टुडिओत पाच जण काम करतात. खोकी, लेबले, आतली माहितीपत्रके आणि गोळ्यांच्या स्ट्रिपमागची छापील फॉइल ही आमची रोजची कामे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका सोमवारी, आम्ही ज्या औषध कंपनीचे काम करत होतो तिथून एका ग्राहकाचा ईमेल जसाच्या तसा माझ्याकडे आला. त्याला एक छायाचित्र जोडलेले होते.

स्टीलच्या ताटलीत स्ट्रिपचे दोन तुकडे ठेवलेले होते. एकात चार गोळ्या होत्या, दुसऱ्यात तीन. दोन्ही तुकडे पांढरे होते, दोन्हींवर निळ्या रंगाची तीच बारीक लहर होती, आणि कात्री चालल्यामुळे एकावर औषधाच्या नावातली मधली दोन अक्षरे उरली होती, तर दुसऱ्यावर फक्त ती लहर. कोणता तुकडा कोणत्या औषधाचा हे मलाही सांगता येईना, आणि ती फॉइल मीच काढलेली होती.

पत्र कराडच्या एका दांपत्याच्या मुलीने लिहिले होते. तिच्या आईला आणि वडिलांना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन हे एकच औषध चालू होते, आईला २.५ मिलिग्रॅमची गोळी आणि वडिलांना ५ ची. महिनाअखेरीस पेन्शन जमा होईपर्यंत दोघे चार-चार गोळ्याच आणत, त्यामुळे घरातल्या डब्यात कापलेले तुकडेच असत. आईने नऊ दिवस वडिलांची गोळी घेतली. घोटे सुजले, एका सकाळी न्हाणीघरात चक्कर आली, आणि डॉक्टरांनी डबा घेऊन या असे सांगितल्यावर घोळ उघडकीस आला. पडून काही मोडले नाही, एवढे नशीब. पत्रात राग नव्हता. शेवटी एकच वाक्य होते: ‘हे पाकीट ज्यांनी काढलं त्यांनी ते एकदा कात्रीनं कापून बघावं, एवढीच विनंती.’

मी ते कधीही कापून पाहिलेले नव्हते.

ती रचना कशी झाली हे इथे सांगायला हवे. स्ट्रिपमागची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल साधारण २० ते २५ मायक्रॉन जाडीची असते आणि ती गोळ्यांचे खळगे पाडलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर उष्णतेने चिकटवली जाते. छपाईच्या दोन पद्धती आहेत. रँडम प्रिंटमध्ये नाव आणि मात्रा लहान अक्षरांत पुन्हा पुन्हा छापतात आणि मजकूर खळग्यांच्या मागे कुठेही पडला तरी चालतो. रजिस्टर प्रिंटमध्ये फॉइलच्या कडेला एक खूण छापलेली असते, यंत्रावरचा सेन्सर ती वाचतो आणि फॉइल अशी ओढली जाते की मजकूर प्रत्येक स्ट्रिपवर ठरलेल्या जागीच बसतो. ही पद्धत महाग पडते आणि यंत्राचा वेगही थोडा कमी ठेवावा लागतो. या औषधाची जुनी फॉइल रँडम होती, तिरप्या ओळींत दाटीवाटीने भरलेली. मला ती डोळ्यांना खुपत असे. दोन बैठकांत वाद घालून मी कंपनीला रजिस्टर प्रिंटसाठी तयार केले, मधोमध एकच मोठे नाव ठेवले, भोवती भरपूर मोकळी जागा सोडली आणि उजव्या कोपऱ्यात खाली मात्रेचा नेटका आकडा बसवला. दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप हातात धरली की ती खरोखर सुंदर दिसे.

हे सौंदर्य मी शिकले होते ते इंटरनेटवर. जगभरच्या रचनाकारांच्या कामाची चित्रे पाहणे हा माझा रोज रात्रीचा नेम आहे आणि आवडलेली चित्रे मी विषयवार साठवून ठेवते. त्या सोमवारी हातातली सगळी कामे बाजूला ठेवून मी औषधांच्या वेष्टनांचा तो साठा उघडला, या आशेने की कुणीतरी हा प्रश्न आधीच सोडवला असेल. तीनशेहून जास्त चित्रे होती. तासभर पाहिल्यानंतर जे लक्षात आले त्याने मी अस्वस्थ झाले. प्रत्येक वस्तू पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एका बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात ठेवलेली होती, कोरी आणि अख्खी. एकाही चित्रात अर्धी रिकामी स्ट्रिप नव्हती, डाग पडलेले लेबल नव्हते की म्हातारा हात नव्हता. मी ज्या चित्रांवरून शिकले होते त्यांत वापराचा दुसरा दिवस कधी उजाडतच नव्हता.

मग मी शोधायची रीत बदलली आणि सुंदर वेष्टने शोधण्याऐवजी औषधांची अदलाबदल कशी होते हे शोधू लागले. अशा शोधातच मला डेबोरा अ‍ॅडलर यांची बाटली सापडली. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये त्या शिकत असताना त्यांच्या आजीने, हेलन यांनी, चुकून आजोबांच्या, म्हणजे हर्मन यांच्या गोळ्या घेतल्या. अमेरिकेत औषध दुकानदार गोळ्या मोजून नारिंगी रंगाच्या गोल बाटलीत भरून देतो आणि घरातल्या सगळ्यांच्या बाटल्या एकसारख्या दिसतात. शिवाय या दोघांच्या नावाचे आद्याक्षरही एकच. हे वाचताना मला कराडचे घर आठवले आणि मी क्षणभर वाचायची थांबले.

अ‍ॅडलर यांनी हा प्रश्न आपल्या प्रबंधाचा विषय केला. पुढे औद्योगिक रचनाकार क्लाउस रोसबर्ग यांच्या साथीने ती बाटली घडत गेली आणि २००५ मध्ये ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने ती वापरात आणली. ती झाकणावर उलटी उभी राहते, त्यामुळे लेबलाला दोन रुंद, सपाट बाजू मिळतात आणि वाचताना बाटली फिरवत बसावे लागत नाही. औषधाचे नाव सर्वांत वर आणि सर्वांत ठळक असते, त्याखाली गोळी कशी घ्यायची ते, आणि दुकानदाराला लागणारा तपशील एका रेघेखाली. मानेभोवती रंगीत कडे असे आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा रंग वेगळा असे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती आपल्या संग्रहात घेतली आहे. त्या संग्रहात इतर कितीतरी देखण्या वस्तू असतील, पण त्या कड्याइतके मला दुसरे काही सुंदर वाटत नाही, कारण अंधूक दिसणाऱ्या माणसालाही ते एका नजरेत सांगते की हे तुझे आहे.

ती बाटली मात्र मला उचलता येणार नव्हती. आपल्याकडे गोळ्या कारखान्यातच बंद होतात आणि दुकानात त्यांच्यावर कात्री चालते. वेष्टनाची शेवटची रचना दुकानदार करतो, तीही गिऱ्हाईक समोर उभे असताना, दोन सेकंदांत.

त्याच साठ्यात शिगेओ फुकुदा या जपानी कलावंताच्या एका शिल्पाचे चित्र होते. १९८७ च्या या कामात त्यांनी ८४८ काटे, सुऱ्या आणि चमचे एकत्र जोडले आहेत. डोळ्यांना तो नुसता धातूचा ढीग दिसतो, पण ठरलेल्या जागेवरून प्रकाश टाकला की भिंतीवर मोटारसायकलची हुबेहूब सावली पडते. हे चित्र मी कितीदा तरी पाहिले होते आणि दर वेळी थक्क झाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कामाशी जोडून पाहिले. दिवा थोडा हलला की मोटारसायकल नाहीशी होते. फुकुदांनी ते जाणून केले होते, कारण त्यांचा विषयच तो होता. माझी स्ट्रिपही एकाच स्थितीत वाचता येत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी मी जवळच्या औषध दुकानात जाऊन तासभर उभी राहिले. तिथले दुकानदार काका तीस वर्षे ते दुकान चालवतात. त्या तासात त्यांनी अकरा वेळा स्ट्रिप कापली आणि प्रत्येक वेळी मुदतीची तारीख असलेले टोक स्वतःकडे ठेवले. मी कारण विचारले. ते म्हणाले, “ताई, तारीख माझ्याकडे राहिली पाहिजे ना. नाहीतर उरलेल्या गोळ्या मी कुठल्या हिशोबानं विकू?” तारीख आणि बॅच क्रमांक फॉइलवर आधी छापता येत नाहीत, पॅकिंगच्या यंत्रावर ते शेवटी एका टोकाला उमटवले जातात. माझा मात्रेचा आकडाही नेमका त्याच टोकाला होता. तेव्हा चार गोळ्या नेणाऱ्या माणसाच्या हाती नावाचा अर्धा तुकडा जाणार आणि आकडा दुकानात राहणार, हे प्रत्येक वेळी होणारच होते.

संध्याकाळी मी कागदावर स्ट्रिप छापून कात्री घेऊन बसले. पहिली कल्पना मला मेक्सिको सिटीच्या मेट्रोवरून सुचली. ही मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या रचनाकाराने स्थानकांना चित्रखुणा दिल्या, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपले स्थानक कळावे. चापुल्तेपेक स्थानकाची खूण टोळ आहे, कारण त्या जागेच्या नावातच टोळ आहे. त्याच धर्तीवर मी २.५ साठी अर्धे वर्तुळ आणि ५ साठी पूर्ण वर्तुळ प्रत्येक गोळीमागे ठेवले. मला ते फार आवडले. दुसऱ्या दिवशी काकांच्या परवानगीने मी ते तुकडे दुकानात येणाऱ्यांना दाखवले. तिसरेच गृहस्थ सत्तरीचे होते. अर्ध्या वर्तुळावर बोट ठेवून ते म्हणाले, “म्हणजे गोळी अर्धी मोडून घ्यायची.” मी ती कल्पना तिथेच सोडली. अर्धी भाकरी, अर्धी गोळी हे आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. त्या खुणेचा अर्थ त्यांनी लावला तोच बरोबर होता.

शेवटी मी त्याच जुन्या रँडम छपाईकडे परतले, जिला मी दोन बैठकांत हरवले होते. नाव आणि मात्रा मिळून एकच सलग ठसा केला आणि तो इतक्या जवळजवळ छापला की एका गोळीचा तुकडा कापला तरी त्यावर निदान एक पूर्ण ठसा राहावा. दशांश चिन्ह जाड केले, कारण बिंदू पुसट झाला की २.५ चे २५ वाचले जाते. दोन मात्रा केवळ रंगाने वेगळ्या ठेवल्या नाहीत: २.५ मध्ये मोकळ्या फॉइलवर गडद अक्षरे आणि ५ मध्ये गडद पट्ट्यात पांढरी अक्षरे, म्हणजे रंग ओळखू न येणाऱ्यालाही आणि पिवळ्या दिव्याखालीही फरक दिसावा. कंपनीतल्या बैठकीत मी कराडच्या ताटलीचे छायाचित्र पडद्यावर लावले आणि जुनी स्ट्रिप सर्वांसमोर कापली. मंजुरीला दहा मिनिटे लागली. छपाई स्वस्त झाली ते वेगळेच.

नवी फॉइल यंत्रावर चढली त्या दिवशी मी कारखान्यात होते. पहिली स्ट्रिप घेऊन मी तिचे दहा तुकडे केले. दहाही तुकड्यांवर नाव होते, दहाही तुकड्यांवर आकडा होता. ते पांढऱ्या कागदावर न ठेवता तिथल्याच कॅन्टीनमधल्या ताटलीत ठेवून मी छायाचित्र काढले आणि कंपनीच्या परवानगीने कराडच्या त्या मुलीला पाठवले.

रात्री तिचे उत्तर आले. आईची तब्येत आता बरी आहे, तुकडे नीट वाचता येतात, असे तिने लिहिले होते आणि पुढे विचारले होते: ‘पण ताई, यातल्या कुठल्या तुकड्यावर तारीख आहे?’

एकाच तुकड्यावर होती. मी तिला तसे कळवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या यंत्रावर तारीख एकाऐवजी दोन्ही टोकांना उमटवता येईल का, हे विचारायला कारखान्यात फोन लावला.