मधल्या वाटेचे वेड

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या बिनतारी रेडिओवर, तुम्ही बोलता तरी काय, असे घरी येणारे पाहुणे हमखास विचारतात, आणि खरे उत्तर ऐकून त्यांची बहुधा निराशा होते. समोरच्या स्टेशनचे कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह), त्याचा सिग्नल आपल्याकडे कसा पोहोचतो आहे याची नोंद, नाव, गाव, अँटेना कोणती, हवा कशी आहे, एवढ्यात पुष्कळशी संभाषणे आटोपतात. धंद्याची किंवा राजकारणाची बोलणी करण्यास नियमांची मुभा नाही. एवढ्यासाठी परीक्षा द्यायची, सरकारी परवाना काढायचा आणि गच्चीवर तारा ताणायच्या, हे खिशात मोबाइल असलेल्या माणसाला पटणे अवघड आहे. मला मात्र या छंदाची गोडी बोलण्याच्या विषयापेक्षा दोन स्टेशनांमधल्या वाटेत वाटते. मोबाइलवरून परदेशी बोलताना मधले मनोरे, समुद्राखालच्या केबली आणि यंत्रे यांतले काहीच आपल्याला ठाऊक असावे लागत नाही. हॅमला मात्र ती वाट स्वतः शोधावी लागते, आणि ती रोज, किंबहुना तासातासाला बदलत असते.

या वाटेची सुरुवात गच्चीवरच्या तारेपासून होते. ज्याला आम्ही ४० मीटरचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा म्हणतो, तो ७ मेगाहर्ट्झपासून ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत असतो. तेथील लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर, आणि तिच्या निम्म्याहून किंचित आखूड, म्हणजे साधारण २० मीटर लांबीची तार ही सर्वांत साधी अँटेना होय. पुण्यातल्या तापकीर गल्लीत मिळणारी तांब्याची वायर, मध्यभागी कोअॅक्सियल केबलचा जोड आणि टोकांना नायलॉनची दोरी, एवढ्या सामानात ती उभी राहते. तार मुद्दाम थोडी लांब ठेवायची, वर चढवायची, अँटेनेकडून किती शक्ती माघारी येते आहे ते एसडब्ल्यूआर मीटरवर पाहायचे, मग खाली उतरवून दोन्ही टोकांकडून चार-चार बोटे कापायची आणि पुन्हा चढवायची. हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर काटा खाली बसतो तेव्हा होणारा आनंद विकत आणलेल्या अँटेनेतून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापुढची वाट आकाशातून जाते आणि तिची किल्ली सूर्याच्या हाती असते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातील उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. त्यामुळे सकाळी पुण्याहून ४० मीटरवर कोल्हापूर, नागपूर, हैदराबाद येथील स्टेशने छान ऐकू येतात, पण त्यापलीकडचे जग फारसे लागत नाही. सूर्य मावळला की हा थर विरून जातो, आणि त्याच लहरी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या ‘एफ’ थरापर्यंत पोहोचून तेथून दूरवर परततात. दिवेलागणीच्या सुमारास रेडिओसमोर बसले, तर हा बदल कानांनी टिपता येतो. जवळची स्टेशने हळूहळू मंदावतात आणि त्यांच्या मागून इंडोनेशिया, रशिया, युरोप यांचे सिग्नल वर येऊ लागतात. तार तीच, यंत्र तेच आणि शक्तीही तेवढीच असते, फक्त संध्याकाळ झालेली असते.

शहरात राहणाऱ्या हॅमला आणखी एका गोष्टीशी झगडावे लागते, ती म्हणजे विजेच्या उपकरणांचा गोंगाट. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सोसायटीच्या लिफ्टची यंत्रणा या सर्वांतून बारीकसारीक रेडिओलहरी सुटत असतात, आणि त्या मिळून रिसीव्हरमध्ये जी खरखर होते तिच्याखाली दूरचे क्षीण सिग्नल गाडले जातात. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा सगळी सोसायटी कुरकुरते आणि मी मात्र १२ व्होल्टची बॅटरी जोडून रेडिओ लावतो. खरखर एकदम खाली बसते आणि एरवी ज्यांचा मागमूस लागत नाही, अशी स्टेशने मोकळी होऊन ऐकू येतात. ती रोज तेथे असतातच, हे कळणे मला फार मोलाचे वाटते.

उपग्रहांची वाट याहून निराळी, कारण तेथे सारा खेळ सरळ रेषेचा असतो. पीव्हीसी पाइपवर पोलादी मेजर टेपचे तुकडे बसवून केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जावे आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक क्षितिजावर येण्याची वाट पाहावी. स्थानकातून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवली जातात. स्थानक आपल्याकडे येत असताना हा सिग्नल सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि दूर जाताना तितकाच खाली घसरतो. शाळेच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम असा हातातल्या यंत्रावर भेटतो, आणि लॅपटॉपवर एकेक ओळ उमटत चित्र पुरे होते. पुणेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. सीओईपीच्या (पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या) विद्यार्थ्यांनी बांधलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने अवकाशात गेला. आत बसवलेल्या चुंबकाच्या आधारे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दिशा धरीत असे, आणि हॅमच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत असे.

आपत्तीतील उपयोग सांगून या छंदाचे समर्थन करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि तो उपयोग खराच आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू२आरबीआय) आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्यासाठी ते तेथे गेले होते; इतर संपर्क तुटल्यावर त्यांचीच स्टेशने निरोप पोहोचवू लागली. हे त्यांना जमले, कारण कोणत्या वेळी कोणत्या बँडवर भारताचा मुख्य भूभाग लागेल, याचा अंदाज हौसेपोटी केलेल्या सरावाने आधीच अंगवळणी पडलेला होता. म्हणून केवळ सेवेच्या भावनेने परवाना काढू पाहणाऱ्यांना मी आधी नुसते ऐकण्याची आवड लावून घ्यायला सांगतो. परवान्यासाठी किमान वय १२ वर्षांचे आहे. त्याआधी किंवा परीक्षेची तयारी करताना नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही फुकट फिरवून पाहता येतो.

सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र २०२४मध्ये शिखरावर होते आणि त्या काळात ‘एफ’ थर वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरीही परतवीत होता, त्यामुळे मागील काही काळ २८ मेगाहर्ट्झवर अगदी कमी शक्तीतही दूरदूरची स्टेशने मिळत गेली. आता हा बहर ओसरेल आणि हिवाळ्यातल्या रात्री ८० मीटरचा बँड अधिक कामाचा ठरेल. त्यासाठी ४० मीटर लांबीची तार लागते आणि ती आमच्या गच्चीत मावत नाही. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला एक टोक बांधू द्यावे, असा अर्ज मी त्यांच्या सेक्रेटरींकडे दिला असून, पावसाळा सरला की त्यांच्या गच्चीवर जाऊन मापे घ्यायची आहेत.