तुम्ही विचारलंत म्हणून: एपी किती घ्यावेत?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे विषय घेता येतात, त्यांना एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणतात. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेतच कुणीतरी गाठतं. "ताई, मुलगी नववीत गेली. एपी किती घ्यायला सांगू? दहा पुरतील?" माझी थोरली कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मला विचारतात. रांगेत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आपण बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर वाढलेली माणसं. एक परीक्षा, एक आकडा, त्यावर प्रवेश. तेच गणित आपण इथे लावतो आणि फसतो. कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेच्या एपी परीक्षा मे महिन्यात होतात, 1 ते 5 मधला स्कोर जुलैत कळतो. बारावीतल्या मुलांच्या प्रवेशाचे निकाल तर मार्चअखेर लागलेले असतात. म्हणजे त्या वर्षीचा स्कोर प्रवेश देणाऱ्यांनी पाहिलेलाच नसतो. ते पाहतात मुलाने कोणते विषय घेतले, वर्गात ग्रेड काय पडली आणि शाळेत मुळात किती एपी होते. शाळेतच सहा असतील तर दहा का नाहीत, असं कुणी विचारत नाही.

स्कोर खरा कामाला येतो तो क्रेडिटसाठी, म्हणजे तो कोर्स कॉलेजात केल्यासारखा धरला जावा यासाठी, आणि तिथे प्रत्येक कॉलेजचा कायदा वेगळा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांवर 3 ला क्रेडिट मिळतं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीत (कॅल्क्युलसच्या दोन एपींपैकी पुढचा) 5 असेल तर पहिला गणिताचा कोर्स माफ करते. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. डार्टमथने 2018 ला पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून ते बंद केलं. मेडिकलकडे जायचं असेल तर आणखी जपून, कारण बऱ्याच मेडिकल कॉलेजांना केमिस्ट्री-बायोलॉजीचं एपी क्रेडिट चालत नाही, तो विषय कॉलेजात शिकलेलाच लागतो.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही, ते प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजात कितव्या कोर्सपासून सुरुवात करायची ते. थोरलीला बीसीत 5 मिळाले. कॅल्क्युलसचे पहिले दोन्ही कोर्स सुटले, आम्ही खूश. ऑगस्टमध्ये ती थेट तिसऱ्या कोर्सला बसली. ऑक्टोबरमध्ये रात्री अकराला फोन आला, "आई, सगळ्यांना येतंय, मलाच येत नाही." तिला गणित येत होतं. पण सिरीजचं प्रकरण तिने एप्रिलमध्ये परीक्षेपुरतं घोटलं होतं, त्यानंतर चार महिने वहीला हात नाही. शिवाय बाजूला बसलेली मुलं दुसऱ्या वर्षाची. सल्लागाराने एका सहीत तिला वर ढकललं, आणि तिला दुसऱ्या कोर्सपासून सुरू करायचंय का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते मला अजून लागतं. तिने तो कोर्स सोडला आणि जानेवारीत दुसऱ्यापासून सुरुवात केली. क्रेडिट हातात असलं तरी वापरलंच पाहिजे असं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

एपी वाईट नाहीत. तिचे इंग्लिश आणि इतिहासाचे क्रेडिट कामी आले, त्यामुळे एका सत्रात तिला हवा तो सांख्यिकीचा कोर्स घेता आला. फक्त आकडा आधी ठरवू नका. मुलाला ज्या कॉलेजांत जायचंय त्यांच्या वेबसाइटवर एपी क्रेडिटचा तक्ता असतो, तो त्याच्यासोबत बसून वाचा.

धाकटा यंदा अकरावीत आहे. त्याने दोनच घेतलेत, फिजिक्स आणि अमेरिकेचा इतिहास. शनिवारची सकाळ त्याने तबल्याच्या क्लाससाठी मोकळी ठेवली आहे.