"गाडी हाय काय?"

आज कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या स्टॉपवर एक पोरगा शेजारी उभा होता, हातात नवं कोरं हेल्मेट, त्याची प्लास्टिकची पिशवीपण अजून काढली नव्हती. गाडी कुठाय विचारलं तर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येणार ताई, हप्त्यावर. शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला लागलोय, इंटरव्ह्यूत पयला प्रश्न हाच, गाडी हाय काय?"

रात्री शिफ्ट सुटल्यावर परतायला बस नाही, म्हणून पहिल्या पगाराआधीच कर्ज. मला हे दिवसभर खात होतं.

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, शिफ्ट सुटली की हायवेवर टू-व्हीलरची नुसती रांग, आणि एका भरलेल्या बसमध्ये त्यातली ५० माणसं आरामात मावतील. २०१९ ला आणि परत २०२१ ला ह्याच शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलेलं आपण बघितलंय की, हवामान बदललं तर असा पाऊस वाढणार हे शास्त्रज्ञ कधीपासून सांगायलेत.

इलेक्ट्रिक बस येऊ देत, चांगलंच आहे. पण आधी शिफ्टच्या टायमिंगला बस सोडा, रात्रीचीसुद्धा.

तुमच्या कंपनीतनं किती जण बसनं येतील, वेळेवर मिळाली तर?