बोगोटात दिवसपाळी

नऊ वर्षं पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या घड्याळावर काम केलं. संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडायचा, मिटेपर्यंत पहाटेचे तीन. माझी झोप मोडू नये म्हणून आई अकरापर्यंत मिक्सर लावायची नाही. कोलंबियाच्या डिजिटल नोमॅड व्हिसाबद्दल, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम ऑनलाइन करत तिथे राहायच्या परवानगीबद्दल, कळलं तेव्हा नकाशाच्या आधी वेळ पाहिली. तिथली राजधानी बोगोटा आणि न्यूयॉर्क यांची वेळ हिवाळ्यात एकच, उन्हाळ्यात तासाचा फरक. तिथेच ठरलं.

हा व्हिसा 2022 मध्ये सुरू झाला, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. कमाई कोलंबियाबाहेरची हवी आणि इथल्या किमान वेतनाच्या तिप्पट हवी. 2025 मध्ये ते वेतन 14,23,500 पेसो होतं, म्हणजे महिन्याला 42,70,500. आकडा ऐकून बाबा दचकले. हजार डॉलरच्या आसपासच होतात हो!

अर्ज ऑनलाइन. कंपनीचं पत्र इंग्रजीत चाललं, बँकेची स्टेटमेंटंही चालली. अडलं ते विम्यावर. मी स्वस्तातली प्रवास पॉलिसी जोडली होती. व्हिसावाल्यांना आजारपण, अपघात, बाळंतपण, अगदी मृतदेह मायदेशी नेण्यापर्यंत सगळं स्पष्ट लिहिलेलं हवं. "मॅडम, सगळं कव्हर आहे त्यात," एजंट म्हणाला. असेल, पण कागदावर नव्हतं. दुसरी काढली, एका वर्षाची. व्हिसाही वर्षाचाच आला. दोन वर्षांची काढायची अक्कल नंतर सुचली.

आल्यावर पंधरा दिवसांत नोंदणी करून 'सेदुला', म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, काढायचं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, दुसरं आडनाव? इथे वडिलांचं एक, आईचं एक. माझं मधलं नाव वडिलांचं, पण ते आडनाव नव्हे, हे तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. "मग आईचं कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरासाठी मालमत्ता असलेला जामीनदार मागतात. तो कुठून आणणार? निमूट जास्त भाडं देऊन फर्निश्ड फ्लॅट घेतला. आणि सीएला आधीच विचारा: 365 दिवसांत 183 पेक्षा जास्त दिवस राहिलात तर इथे कर-रहिवासी ठरता.

शहर 2,600 मीटरवर. पहिला आठवडा दोन जिने चढले की धाप. उंचीमुळे पातेल्यात भातही शिजेना. कुकर घेतला, त्याला इथे 'पितादोरा' म्हणतात, शिट्टी मारणारी.

रात्री नऊला आईचा फोन येतो. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसात. तिच्या मागे मिक्सर फिरत असतो.