तुम्ही विचारलेत म्हणून: कॅसिनी शनीत का जाळले?

शनीभोवती फिरून त्याचा अभ्यास करणारे कॅसिनी हे चांगले चालते यान शनीच्या वातावरणात घुसवून मुद्दाम का जाळले, हा प्रश्न माझ्या प्रत्येक व्याख्यानानंतर कोणी ना कोणी विचारतेच. विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा असे गृहीत असते की शास्त्रज्ञांनी बेफिकिरीने एक मौल्यवान वस्तू फेकून दिली. त्या सुराचा मला त्रास होतो, म्हणून एकदा नीट लिहितो.

कॅसिनीचे इंधन संपत आले होते. ते संपले की यान वळवता येत नाही आणि कधी ना कधी ते टायटन किंवा एन्सेलाडस या शनीच्या चंद्रांवर आदळण्याची शक्यता उरते. ते पूर्णपणे निर्जंतुक केलेले नव्हते, शिवाय त्यातल्या प्लुटोनियमची ऊब बर्फ वितळवू शकली असती. जेमतेम 500 किलोमीटर व्यासाच्या एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे उडतात, हे याच यानाने 2005 मध्ये दाखवले. पुढे 28 ऑक्टोबर 2015 रोजी पृष्ठभागापासून 49 किलोमीटरवरून त्या फवाऱ्यात शिरून त्यात हायड्रोजन असल्याचेही याच यानाने टिपले. पृथ्वीच्या समुद्रतळाशी काही सूक्ष्मजीव हायड्रोजनवरच जगतात. अशी जागा आपणच शोधायची आणि तिथे आपलेच जंतू सांडायचे, हे मला मान्य नाही.

तरीही यान शनीत शिरले तो 15 सप्टेंबर 2017 हा दिवस मला आजही जड जातो. मी थेट प्रक्षेपण पाहत होतो. पडद्यावर एका हिरव्या रेषेतून उंच टोक वर आलेले होते, तोच यानाचा सिग्नल. शनीकडून तो पोहोचायला सुमारे 83 मिनिटे लागत असल्याने, ते टोक डोळ्यांसमोर ठळक दिसत होते तेव्हा यान केव्हाच नष्ट झालेले होते. शेवटची छायाचित्रे आदल्या दिवशीच घेऊन झाली होती, पण शनीच्या वातावरणातील वायू तपासणारे उपकरण अखेरपर्यंत मोजमाप पाठवत होते आणि अँटेना पृथ्वीकडे रोखून धरण्यासाठी छोटी रॉकेटे पूर्ण जोराने झुंजत होती. अपेक्षेपेक्षा सुमारे अर्धा मिनिट यान तग धरून राहिले. मग ते टोक खाली बसले, क्षणभर पुन्हा उठले आणि मागे नुसती थरथरती रेषा उरली. तुम्ही मला जो प्रश्न विचारता, तोच त्या रात्री मी स्वतःला विचारत होतो: शनीभोवतीच एखाद्या दूरच्या, स्थिर कक्षेत ते ठेवता आले नसते का? तो पर्यायही विचारात घेतला गेला होता. पण मग शनी आणि त्याची कडी यांच्यामधल्या फटीतून मारलेल्या 22 फेऱ्या झाल्या नसत्या, आणि कड्यांचे वस्तुमान आज जितक्या नेमकेपणाने माहीत आहे तितके कळले नसते. हे मला पटते. त्या रात्री मात्र पटले नव्हते.

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न याहून अवघड आहे. 2005 मध्ये कॅसिनीसोबत गेलेले हायगेन्स हे छोटे यान टायटनवर आपणच उतरवले, मग तिथे आपले जंतू गेले नसतील कशावरून? तिथे उणे 179 अंश तापमान आहे आणि पाण्याचा बर्फ दगडासारखा कठीण असतो, असे मी तिला सांगितले. पण बोलताना माझा आवाज पहिल्यासारखा ठाम राहिला नाही. एप्रिल 2023 मध्ये गुरूकडे निघालेले ज्यूस यानही शेवटी गॅनिमीड या गुरूच्या चंद्रावर आदळवण्याची योजना आहे, आणि गॅनिमीडच्या बर्फाखालीही समुद्र आहे. तो समुद्र जाड कवचाखाली फार खोलवर आहे, म्हणून ते चालेल असे म्हणतात. मीही सध्या तेच म्हणतो.